पट्टा पडल्यावर

तहसीलातून कागद आलाय :
महोत्सवाचा उगम, दोनशे शब्दांत,
संस्थापकाचे नाव, स्थापना वर्ष,
सोबत दोन फोटो.
ग्रामसेवकानं तो माझ्यापुढं सरकवला.
माझा मोबाइलचा गाळा आहे,
म्हणजे दिवसभर बसूनच असतो, असं त्याचं मत.

शेषेराव गुरुजी म्हणाले, लिही, निजामाच्या आधीपासून.
कुठं नोंद आहे विचारलं तर
चष्मा पुसत बसले.
बाजीबा मुकादम म्हणतो, मीच केला चालू,
पहिल्या साली बोकड माझं होतं.
बोकड होतं हे खरं. रस्सा मीही प्यालोय.
पण ते तिसऱ्या साली.

मला आठवतंय ते असं :
दसरा झाला की गाव रिकामं व्हायचं.
उरायचो आम्ही शाळेतली पोरं, म्हातारी माणसं
आणि भाकड जनावरं.
चैत्राच्या तोंडाला कुणीतरी पाटोद्याच्या बाजारातून
सांगावा आणायचं :
पडला कारखान्याचा पट्टा. निघाल्यात गाड्या.

त्या साली लाइट नव्हती, डीपी जळून महिना झालेला.
आदल्या साली ट्रक फाटा चुकून
पार दुसऱ्याच गावात जाऊन उभा राहिलेला,
म्हणून भिवाजी तांदळे, दोन्ही कानांनी ठार बहिरा,
रॉकेलचा डबा घेऊन पुलावर बसला
आणि वाजवत राहिला.
ठेक्यात नव्हे. ठेका त्याला ऐकूच येत नव्हता.
हात दुखला की थांबायचा,
राहिला की पुन्हा.

आता तो भिवाजीचा ताल आहे.
तीन ठोके, मोठी खाली जागा, दोन ठोके.
संभाजीनगरहून आलेले सर
ती खाली जागा पोरांना बोटांवर मोजून दाखवतात.

ट्रक थांबला. फाळका पडला.
चौदा तास कोप्यांच्या बांबूंवर, भांड्यांवर, एकमेकांच्या मांडीवर
बसून आलेली माणसं उतरली
आणि कुणालाच चालता येईना.
पायांना मुंग्या.
एकमेकांना धरून
एक पाऊल टाकायचं, आपटायचं, थांबायचं,
टाकायचं, आपटायचं.
बाया तर हसायलाच लागल्या :
"अगं माझा पाय गाडीतच ऱ्हायला का काय, बग की!"
पुलापासून पारापर्यंत अशीच आली सगळी,
डब्याच्या मागं, लंगडत.
हाच तो नाच.
आता त्याला चाळ बांधतात.

कोयते फाटक्या लुगड्यात गुंडाळलेले,
गाडीत लेकरांना लागू नयेत म्हणून.
आता मखमलीत गुंडाळून मिरवतात, हळद वाहतात.
छानच दिसतं ते, मी नाही म्हणत नाही.

आणि गाणं.
गाणं म्हणजे गाणं नव्हतंच.
अंधारात सगळ्या आया सारख्याच,
पाचटाच्या धुरानं काळ्या, डोक्याला फडकं,
आणि आम्ही पोरं सहा महिन्यांत वाढलेलो.
म्हणून त्या नावं घेत आल्या :
गहिनीनाथ, छबू, मीरा, पंढरी...
ज्याचं नाव, त्यानं ओ द्यायची.
सोजर मावशीनं हाक दिली, केशर.
कुणी ओ दिली नाही.
केशर पौषातच तापानं गेलेली,
सांगावा निघालेला, पण टोळीनं तोवर फड बदललेला.
मावशीनं पुन्हा हाक दिली.
म्हाताऱ्या खाली बघत होत्या. डबा तेवढा वाजत होता,
भिवाजीला काय ठाऊक.
मग मी ओ दिली.
का दिली ते मला अजून सांगता येत नाही.
नऊ वर्षांचा होतो.
ती आली, माझ्या तोंडावरून हात फिरवला,
आणि तिला कळलं.

अजून यादीत ते नाव असतं. माइकवरून घेतात,
आणि सगळा गाव ओ देतो.
बाहेरून आलेल्यांना वाटतं ध्रुपद आहे.

हे दोनशेत बसत नाही.
संस्थापक : भिवाजी तांदळे, लिहिलं, खोडलं,
डबा लिहिला, तेही खोडलं.
वर्ष : डीपी जळाली ते.
फोटो नाहीत, अंधार होता.
ग्रामसेवक म्हणतो, मागच्या सालचे लावून देऊ.